पाचवी नखी

डुक्कर ओरडलं नाही.

युनहो आतल्या खोलीत पलंगाच्या काठावर बसली होती. कमरेला लाल कापड गुंडाळलेलं आणि दोन्ही कानांवर तळवे दाबलेले. डुकराच्या वर्षी जन्मलेल्या माणसाने डुक्कर कापताना समोर थांबू नये, त्याचा आवाजही ऐकू नये, अशी आमच्या डोंगरातली रीत आहे. आमच्याकडे बारा वर्षांना बारा जनावरांची नावं असतात, आणि तिची तर आता साठी येत होती. साठ वर्षांनी तेच वर्ष फिरून येतं आणि आपलं माणूस शोधत घरात शिरतं, असं जुनी माणसं सांगायची. म्हणून तिनेच मुलांना बजावलं होतं, की कुत्र्याचं वर्ष सरायच्या आत काय ते उरका; एकदा डुकराचं वर्ष लागलं की या घरात सुरी उचलायची नाही.

कान कितीही दाबले तरी ती किंकाळी ऐकू येतेच, हे तिला ठाऊक होतं. आधी दोरीची ओढाताण, मग बाकावर खुरांची धडपड, माणसांचं ‘धर, धर’, आणि मग ती. त्यानंतर कढत पाणी ओतल्याचा आवाज. हा क्रम कधी चुकत नसे. आज धडपडसुद्धा झाली नव्हती.

तिने एका कानावरचा हात काढला. अंगणात माणसं कुजबुजत होती. डुक्कर कापताना कुणी कुजबुजत नाही.

“खुईशान,” तिने आतूनच हाक मारली. “झालं का रे?”

“होतंय, आई. तू कान झाकून बस बघू शांतपणे.”

मोठा मुलगा खोटं बोलायला लागला की त्याचा आवाज गोड होतो. लहानपणापासूनची सवय. युनहोने दुसऱ्या कानावरचाही हात काढला आणि ऐकत राहिली.

*

बाहेर धुकं इतकं दाट होतं की गोठ्याचं छप्पर दिसत होतं आणि खालच्या भिंती दिसत नव्हत्या. लाकडी बाकावर डुक्कर कुशीवर पडलं होतं. चारही पाय बांधलेले, पण दोरीला ताण नव्हता. त्याने स्वतःच पाय जुळवून दिले असावेत असं वाटत होतं. पांढुरक्या पापण्यांच्या आडून ते खुईशानकडे बघत होतं, आणि खुईशान दुसरीकडे बघत होता.

मौ खाटकाने पुढचा डावा पाय हातात धरला होता. कापण्याआधी तो प्रत्येक डुकराचे पाय धुतो. ओल्या चिंधीने त्याने केसांतला चिखल पुसला, अंगठा फिरवला, थांबला, आणि परत फिरवला.

“तू बघ,” तो म्हणाला.

“मस असेल, मौकाका.”

“मस मला कळत नाही होय रे? आयुष्य गेलं माझं डुकरांचे पाय धुण्यात. ही नखी आहे. पाचवी. आतल्या बाजूला, वरती. अंगठा असतो तिथे.”

“हळू बोला. आई आत आहे.”

“हळू बोलल्याने कमी होणार आहे का ती?” मौने चिंधी पायावर टाकली, जशी मेलेल्याच्या तोंडावर टाकतात तशी. “चार म्हणजे डुक्कर. पाच म्हणजे माणूस फिरून आलेलं. तुझ्या बापालाही हे ठाऊक होतं, तुलाही ठाऊक आहे. मला माणूस मारायचा नाही. वर सरकार विचारेल की नाही ते सोड, खाली यमाच्या कचेरीत मी काय तोंड दाखवू?”

तंगशेंग मिठाच्या पाण्याचं घंगाळ घेऊन उभा होता. रक्त धरायचं काम त्याचं होतं, कारण डुक्करही त्याच्याचसाठी होतं. धाकटा भाऊ तिशीला टेकला होता. दोन ठिकाणी जमता जमता मोडलं होतं. आता खालच्या गावच्या लियाओंनी लानश्यांग द्यायचं कबूल केलं होतं, पण मुलीच्या घरी निम्मं डुक्कर पोचलं पाहिजे, शेपटीसकट, आणि तेही आज. मांस घ्यायला मुलीची आत्या स्वतः वर येणार होती. नाही पोचलं, तर त्यांच्याकडे ट्रॅक्टर चालवणारा एक मुलगा सांगून आलेलाच होता.

“काका, आत्याबाई वाटेत असतील,” तंगशेंग म्हणाला. “काहीतरी करा ना. एकदाच.”

“एकदाच तर मारतात माणसाला,” मौ म्हणाला आणि सुऱ्या टोपलीत भरू लागला.

“जेवून तरी जा,” खुईशान सवयीने बोलून गेला.

मौने त्याच्याकडे पाहिलं. “काय जेवू? आणि कुणाला?”

तो पायऱ्या उतरला आणि धुक्याने त्याला गुडघ्यापासून वर असं हळूहळू खाऊन टाकलं.

*

यिनपिंग अंगणातल्या चुलीपाशी होती. मोठी सून. पाण्याला उकळी आली होती आणि तरीही ती लाकडं सारतच होती. तिला जे व्हायला हवं होतं ते झालं होतं. मौकाकांच्या अंगठ्याला नखी लागेल, ते सुरी ठेवतील, आणि आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही, एवढाच हिशोब तिने वर्षभर मनात धरला होता.

वसंतात तिचं मूल पोटातच गेलं. मुलगा होता. त्याला मागच्या बांबूत पुरलं त्याच आठवड्यात खुईशानने हे पिल्लू बाजारातून आणलं. वाटणीची जमीन हाती आल्यावर घरासाठी म्हणून पोसलेलं पहिलंच डुक्कर. दूध आटवायला पाला बांधलेल्या छातीशी तिने ते पिल्लू धरून धुतलं, आणि ती नखी तिच्या बोटाला लागली. इवलीशी, मऊ. तिने त्यावर चिखल लावला. नंतर रोज लावत गेली. खाऊ घालायला गोठ्यात दुसऱ्या कुणाला जाऊ दिलं नाही. सासूला वाटलं, सून कामसू निघाली.

डुकराने कधी कल्ला केला नाही. ती येईपर्यंत दाराकडे तोंड करून ते बसून राही. ती बोलायची, ते ऐकायचं. कधीकधी ती बोलायची थांबली तरी ते ऐकत असल्यासारखं बसून राही, जणू तिच्या मागे उभं राहून आणखी कुणी बोलत होतं. त्याचं तिला भय वाटे. तरी ती दुसऱ्या दिवशी जाई.

आता तिने चुलीपाशी बसूनच पाहिलं. खुईशान कोठारातून लाकडं फोडायची कुऱ्हाड घेऊन आला होता.

“दादा, तू?” तंगशेंग म्हणाला.

“मौ नाही तर मी. आधी ती नखी काढतो आणि चुलीत टाकतो. मग चारच राहतात. कुणी पाहिलंय? तू, मी आणि ही.”

“आणि मौकाका.”

“तो बोलणार नाही. बोलला तर त्यालाच कुणी बोलवायचं नाही.” खुईशानचे ओठ पांढरे पडले होते. “घंगाळ धर. तुझ्यासाठी करतोय मी हे.”

तो बाकाजवळ वाकला. कुऱ्हाड उचलायच्या आधी डुकराच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटला. तंगशेंगने ते ऐकलं. एक नाव होतं. सुइसुइ.

डुकराने मान उचलली.

खुईशानच्या हातून कुऱ्हाड सुटली आणि बाकाच्या पायावर आपटली. तो उचलायला वळतो तोवर यिनपिंग येऊन मध्ये उभी राहिली होती. तिच्या हातात जळकं लाकूड होतं, आणि ते हातात आहे हे तिला माहीत नसावं.

“त्याला हात लावायचा नाही.”

“बाजूला हो.”

“मला माहीत होतं,” ती म्हणाली. “पहिल्या दिवसापासून. बाजारातून आणलंत तेव्हापासून.”

तंगशेंगला घंगाळ कुठे ठेवावं सुचेना. “वहिनी, तू? लियाओंकडे शब्द टाकायला तूच गेली होतीस ना? निम्मं डुक्कर देऊ म्हणून तूच सांगून आलीस. मला वाटलं, या घरात एक तरी माणूस माझ्या बाजूचं आहे.”

“मी तुमच्याच बाजूची आहे, भाऊजी. तेव्हा वाटलं, वर्ष मोठं आहे, दुसरी काहीतरी सोय होईल.” ती डुकराकडे वळली. “पण हा माझा आहे.”

“कुणाचा आहे तो?”

हा प्रश्न त्या तिघांपैकी कुणी विचारला नव्हता. युनहो उंबऱ्यात उभी होती. कमरेचं लाल कापड सुटून एका बाजूने लोंबत होतं.

“आई, आत जा!” खुईशान ओरडला. “तू नाही यायचं बाहेर. येतं वर्ष तुझं आहे.”

“माझं आहे म्हणूनच आले.” ती पायऱ्या उतरली, बाकापाशी आली आणि तिने चिंधी बाजूला केली. बराच वेळ ती नखीकडे बघत राहिली. मग तिने ती दोन बोटांत धरली, लहान मुलाचा अंगठा धरावा तशी. “मला न विचारता कुणाला बांधलंत हे? स्वतःच्या बापाला?”

यिनपिंगने हातातलं लाकूड खाली केलं.

“धरणाच्या कामावर जाताना तो म्हणाला होता, तुझ्या साठीला मी येईन बघ. मी हसले. मेलेला माणूस शब्द विसरत नाही. बघा, कसा शांत पडलाय. जिवंतपणीही असाच होता, कुणी बांधलं तरी बोलायचा नाही.”

“बाबा नाहीत ते,” खुईशान म्हणाला.

“मग कोण?”

तो गप्प राहिला असता तर बरं झालं असतं. पण सकाळपासून तो थकला होता, आणि खरं तर त्याच्याही कितीतरी आधीपासून थकला होता.

“सुइसुइ.”

युनहो त्याच्याकडे मूर्खाकडे बघावं तशी बघत राहिली. “वेडा आहेस का? सुइसुइ कशी असेल? ती तर जिवंत आहे. मिठाच्या हमालाची बायको तिला घेऊन गेली. तूच सांगितलंस. तुला गूळ दिला होता तिने, पोरीला पाठीशी बांधलं आणि गेली. आता तिलाही पोरंबाळं...”

ती बोलता बोलता थांबली. खुईशान जमिनीकडे बघत होता. चुलीवर पाणी खदखदत होतं, आणि त्या एका आवाजाखेरीज साऱ्या डोंगरात काही नव्हतं.

“तू पाहिलं होतंस ना तिला जाताना?” म्हातारीने विचारलं.

“शेडमध्ये ठेवलं मी तिला. खिंडीतल्या तेलघाण्याच्या. झाडामागे थांबलो होतो. अंधार पडेपर्यंत कुणी आलं नाही. मग पाऊल वाजलं, आणि मी पळालो.”

“कुणाचं पाऊल?”

“माहीत नाही, आई. माणसाचं नव्हतं.”

युनहो बाकाच्या कडेवर बसली. तिचा हात अजून त्या नखीवरच होता.

उपासमारीच्या त्या हिवाळ्याबद्दल आमच्या गावात कुणी बोलत नाही, कारण बोलायला लागलं तर प्रत्येक घराला बोलावं लागेल. या थानांच्या घरात त्या वेळी तीन पोरं होती आणि हंडीत पाला उकळत होता. वर्षं जुळवणारा आंधळा ज्योतिषी दारात आला. त्याने बोटांवर मोजून सांगितलं, की धाकटा मुलगा सापाच्या वर्षाचा, तान्ही मुलगी डुकराच्या वर्षाची. बारा जनावरांच्या चक्रात साप आणि डुक्कर एकमेकांच्या समोर बसतात, एका छपराखाली दोघं जगत नाहीत. कुणीतरी एकाने जावं. युनहोच्या सासूने मुलीकडे पाहिलं. युनहोने काही पाहिलं नाही, ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. दुसऱ्या दिवशी खुईशानच्या पाठीवर टोपली होती. टोपलीत सुइसुइ होती.

हे सारं तंगशेंगला आज कळत होतं. बहीण दत्तक दिली एवढंच तो ऐकून होता.

“म्हणजे माझ्यामुळे?” तो म्हणाला.

“वर्षांमुळे,” खुईशान म्हणाला.

“आईसुद्धा डुकराच्याच वर्षाची आहे. मग तिला का नाही नेलंस टोपलीत घालून?”

“तोंड सांभाळ!”

“बोलू दे त्याला,” युनहो हळू म्हणाली. “मला नेलं असतं तर पाला कुणी शिजवला असता?”

*

“अहो थानबाई! घरात आहात की कापले गेलात सगळे?”

आवाज खालच्या पायऱ्यांवरून आला, आणि मग धुक्यातून आधी पाठीवरची टोपली, मग निळं मुंडासं, मग लियाओंची आत्या असं एकेक वर आलं. मुलीच्या बापाची थोरली बहीण. नवरा नव्हता, पोर नव्हतं, आणि जिभेला हाड नव्हतं. भावाच्या घरात तिच्या शब्दाबाहेर कोंबडीही अंडं घालत नसे.

क्षणात थानांचं घर एक झालं. एकमेकांकडे बघायला तयार नसलेली ती चौघं बाकाभोवती खांद्याला खांदा लावून उभी राहिली. खुईशानने चिंधी परत पायावर ओढली. यिनपिंगने लाकूड चुलीत टाकलं आणि हसली.

“या आत्याबाई, या. थंडीच्या आलात. चहा टाकते.”

“चहा कसला? मी सकाळपासून उपाशी आलेय, थानांकडे ताज्या रक्ताची भाजी खाईन म्हणून. आणि हे काय, अजून जिवंतच? आमच्याकडे एव्हाना ढेकरा देऊन झाल्या असत्या.” तिने टोपली उतरवली आणि प्रत्येकाच्या तोंडावरून नजर फिरवली. “खाटीक भेटला मला खाली. मी म्हटलं, काय मौ, कुठे? तर काही न बोलता गेला. मौ न बोलता गेला असं मी जन्मात पाहिलं नाही. म्हटलं, वर कुणीतरी मेलं.”

“त्याच्या पोटात दुखत होतं,” खुईशान गोड आवाजात म्हणाला.

“आणि तुमच्या सगळ्यांच्या कुठे दुखतंय?”

तंगशेंगने घंगाळ खाली ठेवलं. एवढं बोललं की संपलं, हे त्याला कळत होतं. लानश्यांगने बाजारात त्याच्याकडून संत्रं घेताना त्याच्या बोटाला बोट लावलं होतं. ट्रॅक्टरवाल्याच्या शेजारी उंच बसलेली ती त्याला आत्ताच दिसत होती.

“पाच नख्या आहेत, आत्या,” तो म्हणाला. “आम्ही कापत नाही.”

“तंगशेंग!” खुईशान किंचाळला.

आत्याबाईने मुंडासं सारखं केलं. ती चिडली नाही, हेच वाईट होतं.

“म्हणजे मांस नाही.”

“नाही.”

“मग लग्नही नाही. मला उगाच डोंगर चढवलात. सकाळी कुणी सांगावा धाडला असता तर माझे गुडघे वाचले असते.” तिने टोपली उचलली, एक हात पट्ट्यात घातला, आणि थांबली. “कोण आहे?”

“काय?”

“कोण आलंय विचारते. कळलं असेल ना तुम्हाला. घरच्याला कळतं.”

“यांचे वडील,” युनहो म्हणाली.

“बहीण,” खुईशान त्याच वेळी म्हणाला.

यिनपिंग म्हणाली, “माझं बाळ. त्याला नाव नव्हतं.”

तिन्ही उत्तरं एकमेकांवर आपटली आणि धुक्यात विरली. डुक्कर बाकावर पडून होतं. त्याचा श्वास हवेत पांढरा दिसत होता. एवढ्या थंडीत माणसाचा श्वास दिसतो तितकाच, तसाच.

आत्याबाईने टोपली परत खाली ठेवली. ती बाकाजवळ गेली, गुडघ्यांवर हात टेकत उकिडवी बसली आणि डुकराच्या डोळ्यांसमोर तोंड आणून बराच वेळ बघत राहिली. तिच्या तोंडावरचं हसू, जे आम्ही कुणी कधी उतरलेलं पाहिलं नव्हतं, ते कुठे गेलं कळलं नाही.

“आनवा,” ती म्हणाली. अगदी हळू. उठवायचंही आहे आणि झोपमोडही करायची नाही, असं आई म्हणते तसं.

डुकराने मान उचलली. तिच्या तळहातात नाक ठेवलं आणि डोळे मिटले.

आत्याबाईला मूल होतं हे थानांच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

“त्याच हिवाळ्यात,” ती म्हणाली. एवढंच. मग बाहीने नाक पुसलं, उठली, आणि तिचा आवाज पुन्हा बाजारातला झाला. “ऐका. निम्मं नको मला. अख्खं द्या. जिवंत. दोर मी धरते, हळूहळू नेईन. गोठ्यात नाही ठेवणार, माझ्या खोलीत ठेवीन. भावाला काय सांगायचं ते माझ्याकडे लागलं. लानश्यांग ठरल्या दिवशी तुमच्या दारात येईल. मांसाशिवाय, बोलण्याशिवाय.”

तंगशेंगच्या छातीत काहीतरी उडालं. त्याला त्याची लाज वाटली, तरी ते उडालंच.

“नाही,” यिनपिंग म्हणाली.

“तुला नाही विचारत, पोरी. घर सासूचं आहे.”

सगळे युनहोकडे बघू लागले. म्हातारी डुकराकडे बघत होती, मग तंगशेंगकडे, मग पुन्हा डुकराकडे. तिचे ओठ हलत होते. तिला मुलगा हवा होता, सून हवी होती, नातवंडं हवी होती, आणि बाकावर जे कुणी होतं तेही हवं होतं.

“तिथे पोटाला चांगलं मिळेल ना?” तिने शेवटी विचारलं.

“माझ्या ताटातलं देईन.”

खुईशान हसला. ते हसू ऐकून यिनपिंग एक पाऊल मागे सरली.

“हेच विचारलं होतंस,” तो म्हणाला. “टोपली पाठीवर घेतली तेव्हा. हेच शब्द. तिथे पोटाला चांगलं मिळेल ना? मला माहीत होतं का काय? मी हो म्हणालो. मी लहान होतो, आई. मी हो म्हणालो आणि निघालो.”

तो बाकापाशी गेला आणि दोरीची गाठ सोडू लागला. गाठ सुटेना. यिनपिंगने वाकून दुसऱ्या टोकाची सोडली. वसंतापासून त्या दोघांनी मिळून केलेलं हे पहिलंच काम होतं.

“एकदा नेलं या घरातून,” खुईशान म्हणाला. “आता कुणी नेणार नाही. धाकट्याचं लग्न मोडलं तर मोडलं. मला शिव्या घाल, तंगशेंग. मी ऐकून घेईन.”

डुक्कर बाकावरून उतरलं. ते गोठ्याकडे गेलं नाही. अंगण ओलांडून पायऱ्या चढलं, उंबऱ्याला न अडखळता घरात शिरलं आणि शेकोटीच्या चौकटीशी जाऊन कुशीवर पडलं. दाराकडे तोंड, भिंतीकडे पाठ. घरात वाढलेलं माणूस आपली जागा न शोधता जाऊन पडतं तसं. त्या घरात ते याआधी कधीच आलं नव्हतं.

तंगशेंग ते बघत होता. ज्याने ज्याने हाक मारली, त्याच्या हाकेला डुकराने मान उचलली होती. एकालाही नाही म्हटलं नव्हतं. त्याच्या मनात आलं, की आता आपणही काही हाक मारली तर ते आपल्याकडेही बघेल. म्हणून तो काही बोलला नाही.

मग तो आत्याबाईकडे वळला.

“तुमच्या भावाला मुलगा नाही.”

“नाही. माहीत आहे तुला.”

“उन्हाळ्यात तुम्ही विचारलं होतं, घरजावई येतोस का म्हणून.”

“विचारलं होतं. तुझ्या आईने मला केरसुणी दाखवली.”

“मी येतो. घरजावयाकडून कुणी मांस मागत नाही.”

“काय बोलतोस तू?” युनहो उठली. “थानांचा मुलगा दुसऱ्याच्या चुलीवर जेवणार? लोक म्हणतील, पोसता आला नाही म्हणून विकला.”

“साप आणि डुक्कर एका छपराखाली राहत नाहीत ना, आई? मागच्या खेपेला ती गेली. या खेपेला ती राहू दे.”

“तो आंधळा काय, देव होता? मूर्ख होता मेला! मी मूर्ख, तुझी आजी मूर्ख...”

“असेल. मला कुठे कळतंय त्यातलं? पण ती अजून गेली नाही, आई. तुलाच दिसतंय.”

आत्याबाई त्याच्याकडे बघत होती, बाजारात बैलाचे दात बघतात तशी, आणि तरी पूर्णपणे तशी नाही.

“नाव बदलावं लागेल. लियाओ व्हावं लागेल.”

“होईन.”

“पोरं आमच्या नावाची. तुझ्या बापाच्या नावाने श्राद्धाचे कागद जाळायला त्यातलं एकही येणार नाही.”

“दादा आहे.”

“आणि ते?” तिने घराच्या दाराकडे हनुवटी केली. पहिल्यांदाच तिच्या आवाजात मागणं होतं. “अधूनमधून तरी...”

“ते इथेच राहील,” तंगशेंग म्हणाला. “तुम्ही येत जा.”

तिने टोपली पाठीला लावली. बराच वेळ पट्टा सारखा करत राहिली. “चल मग. धुकं आणखी दाटायच्या आत पोचू. अंथरूण घे. आमच्याकडे जास्तीचं नाही.”

*

यिनपिंगने रजई बांधून दिली. खुईशानने आपले चांगले बूट काढून धाकट्यासमोर ठेवले आणि कुणी काही म्हणायच्या आत गोठ्यामागे निघून गेला. युनहोने भाताचा वाडगा भरला, वर तिखट मोहरीचा पाला घातला आणि तंगशेंगच्या हातात दिला. तो शेकोटीपाशी बसून जेवला. शेजारी डुक्कर श्वास घेत होतं. जेवताना त्याने एकदा हात पुढे केला आणि त्याच्या कानामागे ठेवला. कान गरम होता, तापलेल्या लहान मुलाचा असतो तसा.

“मी नाही पाठवत तुला,” युनहो म्हणाली.

“माहीत आहे.”

“हे लक्षात ठेव. मी नाही पाठवत.”

“माझ्या पायांनी चाललोय, आई. बघ, बूटही दादाचे आहेत.”

ती हसली, आणि मग तिने ते लाल कापड तोंडात कोंबलं.

पायऱ्या उतरून वळणापर्यंत आत्याबाई काही बोलली नाही. तिच्या बाबतीत हे नवलच. वळणावर बांबू संपतात आणि तिथून घराचं दार शेवटचं दिसतं. तंगशेंगने रजई खांद्यावर सरकवली.

“मागे बघू नकोस,” ती म्हणाली. “दुसऱ्या घरी निघालेल्याने बघायचं नसतं. पाय परत ओढतात.”

“नाही बघत.”

तो चालू लागला. थोडं पुढे गेल्यावर त्याला आपल्या एकट्याचीच पावलं ऐकू आली. तो थांबला, पण वळला नाही.

“आत्या, कोण आहे दारात?”

“तुझी आई आहे. भाऊ आलाय परत. वहिनी आहे.”

“आणि?”

तिने कपाळावर हात धरून वर पाहिलं.

“त्यांच्या पायांशी आहे. धुक्यात नीट दिसत नाही,” ती म्हणाली. “पण उभं आहे, लहान मूल उभं राहतं तसं.”

“चला, आत्या. तुम्हीच म्हणालात, बघायचं नसतं.”

“हो, हो. चल तू,” आत्याबाई म्हणाली, आणि तिथेच उभी राहिली.